नळीच्या तोंडावरचं टोपण

३, सोमवार

आमची लेक भिंगरी चौदाला येते आहे. राहायला. दोन वर्षं ती सकाळी यायची, आईशी बोलायची, मला नमस्कार करायची आणि दुपारच्या बसने परत. या वेळी चार दिवस म्हणाली.

फोन हिने उचलला होता, तो लगेच माझ्या हातात दिला. सोळाला इथे स्पर्धा आहे, बंदूक लागेल, असं लेक म्हणाली. बंदूक नीट आहे ना, असंही विचारलं. मी सांगितलं, आहे की. तेल लावून, कापडात गुंडाळून, कपाटावर. हे मी दोन वर्षं सांगत आलो. इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

बंदूक म्हणजे खरी नव्हे. प्लास्टिकच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या उडवणारी, बॅटरीवर चालणारी. मोठमोठी माणसं मैदानावर दोन टोळ्या करून लपतछपत खेळतात तो खेळ. पण दिसायला हुबेहूब. वजनालाही. बाहेरची नळी अस्सल लोखंडाची. आता नियम निघाला आहे म्हणे, की नळीच्या तोंडाला नारिंगी टोपण पाहिजे, म्हणजे लांबून बघणाऱ्याला खेळणं आहे हे कळावं. नारिंगी टोपण ती घेऊन येणार आहे. मी फक्त आधीचं काळं टोपण काढून ठेवायचं. "तुमच्या हातचं दोन मिनिटांचं काम आहे, बाबा," असं म्हणाली.

फोन ठेवला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो.

इथे खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. माझ्या साहेबांनी शब्द टाकून मिळवून दिलेली बँकेतली नोकरी सोडून ती रुग्णवाहिका चालवायला निघाली, त्या दिवशी मी तिला नको ते बोललो. ती गेली. बंदूक राहिली. संध्याकाळी मी ती उचलली आणि शेडमध्ये पाण्याच्या टाकीमागे फेकली. ठेवली नाही, फेकली. टाकी गळते हे मला माहीत होतं.

आज काढली. बाकी अंग प्लास्टिकचं, ते पुसलं की निघालं. नळी मात्र तपकिरी झाली आहे आणि टोपण नळीशी असं एकजीव झालंय की सांधा कुठे आहे तेच दिसत नाही.

अकरा दिवस आहेत. अडतीस वर्षं लेथवर काढली. टोपणाला कोण घाबरतो.

४, मंगळवार

पुढची खीळ काढली की बंदुकीचा वरचा भाग सरकून सुटा होतो. आतली पितळी नळी मागून ओढून काढली. ती चकचकीत आहे, देवाची कृपा. आता उरली बाहेरची लोखंडी नळी आणि तिच्या तोंडावरचं टोपण. टोपणाला खालच्या बाजूने एक बारीक स्क्रू आहे, बिनडोक्याचा, आत बुडालेला. आधी तो निघाला पाहिजे, मग टोपण फिरेल.

रॉकेल आणि गिअर तेल समसमान घेतलं आणि थेंब थेंब सोडत बसलो. गंज सोडवायला घाई चालत नाही. तेल आत शिरायला वेळ द्यायचा, हळूच ठोकायचं, पुन्हा तेल.

हिने दारातून विचारलं, घरभर रॉकेलचा वास कसला सुटलाय. मला तर काही वास येत नव्हता. आयुष्यभर कटिंग ऑइलच्या वाफेत नाक घालून उभा राहिलो, नाक बाद झालं असणार. स्टोव्ह साफ करतोय म्हणालो. आमच्याकडे स्टोव्ह नाही हे नंतर लक्षात आलं. तिच्याही आलं असेलच. चहा ठेवून गेली. कप अर्धाच भरला होता. हल्ली अर्धाच देते. तिला विचारलं तर म्हणाली, सांडत नाही असा दिला की.

६, गुरुवार

स्क्रूने पिडलं. अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी चावी, घातली, जोर दिला आणि आतले कोपरे गोल झाले. आता चावी नुसतीच फिरते. बिनडोक्याच्या स्क्रूने माझं डोकं खाल्लं.

शेवटी ड्रिल घेतलं. बरोबर मध्यावर खूण करायची म्हणजे पंच टेकवून एक टोला. पंच टिकेना. तीनदा मध्य चुकला. शेडमध्ये उजेड कमी आहे. मग पंच बाकावरच्या वाइसच्या, म्हणजे शिकंज्याच्या, जबड्याला टेकवून धरला आणि जमलं. दुपारी तीनपर्यंत स्क्रूचा भुगा झाला आणि मी घामाने न्हालो. एवढ्याशा स्क्रूला पूर्वी मी वीस मिनिटं लावली नसती.

पण निघाला तर खरा.

७, शुक्रवार

पाइप पाना लावून टोपण सोडवायला बघितलं. नळी चेपू नये म्हणून लाकडाचे दोन अर्धे ठोकळे कोरले आणि त्यात धरून वाइसमध्ये आवळली. पाना मारला, हललं नाही. तेल घातलं, ठोकलं, पाना मारला. नाही.

मध्येच भिंगरीचा फोन. अग्निशमन दलात निवड झाली आहे, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला गेला की नेमणूक. आवाजात आनंद होता. मी म्हटलं, छान. आणखी काही बोलायला हवं होतं.

मग म्हणाली, बाबा, एक गंमत करा. कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढा, आतून बाहेर, आणि खाली कुठलंही एक वाक्य लिहा. आईला फोटो पाठवायला सांगा. कशाला, तर रुग्णवाहिकेवरच्या लोकांची कसलीशी पैज आहे. या पोरांना काय काय सुचतं. काढून दिली. पेन अडखळत होतं, रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली. खाली लिहिलं, "बंदूक व्यवस्थित आहे." हिने फोटो काढला, कागद घडी करून आपल्या पाकिटात ठेवला.

कागद कशाला ठेवतात पाकिटात.

८, शनिवार

हलत नाही. पान्याला दोन फुटांचा पाइप जोडून जोर लावला. लाकडी ठोकळ्यात नळीच फिरायला लागली, टोपण जागचं हललं नाही. खरं सांगायचं तर कालच्यापेक्षा घट्ट वाटतंय. असं होत नसतं.

खालच्या गुंडीशी सकाळी बराच वेळ गेला. हिने येऊन लावून दिली. मी म्हटलं, काजं शिवताना लहान ठेवलीत. शर्ट तीन वर्षांचा आहे, असं ती म्हणाली.

९, रविवार

लिहू की नको असं झालंय.

टोपण तापवायचं ठरवलं. लोखंड तापलं की फुगतं, बाहेरचं आधी, आतलं नंतर, तेवढ्यात गंजाची पकड सुटते. लांब ज्योतीची गॅसची बत्ती पेटवली. नळी पुसून कोरडी केली होती, तेवढी अक्कल शाबूत आहे. पण पुसायच्या चिंध्या बाकाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या होत्या. रॉकेलने निथळत होत्या हे मला कळायला हवं होतं. नाक असतं तर कळलं असतं.

बत्ती उजव्या हातात होती. टोपण लालसर व्हायला आलं होतं. आणि बत्ती हातातून सुटली. मूठ तेलकट असावी. खाली पडली ती थेट डब्यात.

जाळ कमरेएवढा उठला. मी मागे सरायला गेलो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पाय उचल, पाय उचल, असं मनात म्हणत होतो आणि पाय उचलत नव्हता. दोन सेकंद असतील. फार मोठे दोन सेकंद.

ही धावत आली. दारातलं पोतं हौदात बुचकळून डब्यावर टाकलं, वर पाय दिला, एका हाताने बत्तीची चावी बंद केली. मला दंडाला धरून अंगणात आणलं. माझी पँट गुडघ्यापर्यंत करपली होती, कातडी वाचली. मी बोलायला लागलो, मूठ तेलकट होती म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत मला तिची भांडणं माहीत आहेत, रुसवे माहीत आहेत. ही नजर नवीन होती.

तेव्हा तिला सगळं सांगितलं. टाकी, गंज, दोन वर्षांची थाप. ती म्हणाली, "बंदुकीचं मला माहीत होतं. मी शेडमध्ये केर काढते."

मग बत्ती घेऊन आत गेली. कुठे ठेवली ते सांगत नाही.

११, मंगळवार

हात अजून ताळ्यावर नाही, अक्षर लागलं तर बघावं.

बत्ती नाही म्हटल्यावर एकच वाट उरली. आमच्या कारखान्यात मोठा वाइस आहे, आणि फोरमन ओळखीचा. बंदूक पुन्हा जोडली, कारण सुटे भाग हरवतात. पोत्यात घातली, तोंड सुतळीने बांधलं, काखेत मारून चालत निघालो. ही दवाखान्यात कसली चौकशी करायला गेली होती, म्हणून घरी कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

दुकानांच्या रांगेपाशी सुतळी सैल झाली. पोतं घसरलं, मी सावरायला गेलो आणि नळी वीतभर बाहेर आली. समोरून एक बाई येत होती. ती थांबली, वळली आणि चालत होती त्याच्या दुप्पट वेगाने परत गेली. मला वाटलं काही विसरली असेल.

चौकात पोचेपर्यंत दोन पोलीस मोटरसायकलवरून उतरले होते. एक तरुण, एक वयस्क हवालदार. तरुणाचा हात कमरेच्या पिस्तुलावर.

"काका, पोतं खाली ठेवा. हळू," हवालदार म्हणाला.

ठेवलं. हात वर करा म्हणाला, केले. डावा राहिला वर. उजवा खाली यायला लागला. मी वर नेला, पुन्हा खाली आला, खिशाच्या दिशेने. आणि बोटं अंगठ्यावर घासत होती, गोळी वळल्यासारखी.

"हात स्थिर ठेवा. बोटं हलवू नका."

"मी हलवत नाही."

"मग कोण हलवतंय?"

 तरुणाने पिस्तूल बाहेर काढलं. माझ्यावर रोखलं नाही, जमिनीकडे धरलं होतं, पण काढलं. दुकानदार शटर खाली ओढत होते, त्याचा आवाज एकामागून एक येत गेला. त्या आवाजात माझ्या मनात एकच आलं, की हा हात आता खिशात गेला तर हा पोरगा गोळी घालेल, आणि चूक त्याची नसेल. मी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि दोन्ही डोक्यावर दाबून धरले. तसाच उभा राहिलो.

हवालदाराने पोतं उघडलं. मी सांगितलं, खेळणं आहे. तो म्हणाला, "खेळण्याला गंज कधीपासून यायला लागला?"

ठाण्यात नेलं. नळीत वाकून बघितलं, गोळ्यांची टाकी बघितली, तेव्हा पटलं. कुणाची आहे विचारल्यावर मी म्हणालो, माझी. पावती मागितली. फोन गेल्यावर ही घरून पावती घेऊन आली आणि पावतीवर नाव लेकीचं. साहेबाने ते नाव वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, नाव नका लिहू, तिचा काही संबंध नाही. तो म्हणाला, मालक जो असेल त्याचंच नाव लागतं.

लेखी घेतलं माझ्याकडून. शनिवारी सकाळी अकरापर्यंत नारिंगी टोपण बसवून मालकिणीसह हजर व्हायचं. नाही बसलं तर बंदूक जप्त, आणि विनाखूण नक्कल बाळगल्याची नोंद मालकिणीच्या नावावर. ती नोंद ज्या कपाटात जाईल त्याच कपाटातून तिचा चारित्र्याचा दाखला निघायचा आहे.

माणूस घाबरला की थरथरतो. त्यात नवल काय. कुणीही थरथरला असता.

१२, बुधवार

हिला म्हटलं, भिंगरीला कळवू नकोस, मी शुक्रवारपर्यंत काढतो. ही म्हणाली, काल ठाण्यात येताना वाटेतच फोन केला, ती उद्या सकाळच्या बसने येते आहे.

दिवसभर पान्याला हात लावला नाही. शेड झाडून काढली. टाकीची गळती एम-सील लावून बंद केली. दोन वर्षं उशिरा.

१३, गुरुवार

आली. पिशवी खाली ठेवली, सरळ शेडमध्ये गेली, नळी उचलून उजेडात धरली. मी मागे उभा. तिने सावकाश विचारलं, "कपाटावर होती ना?"

सांगितलं. ठेवली नव्हती, फेकली होती, हेही सांगितलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. नळी बाकावर ठेवली आणि म्हणाली, "दर फोनला मी विचारायचे. बंदुकीसाठी नाही विचारायचे, बाबा. दुसरं काय बोलायचं ते समजायचं नाही. आणि तुम्ही दर फोनला खोटं सांगत होतात." आत निघून गेली. दुपारी आमच्याबरोबर जेवली.  जेवता जेवता माझ्या हाताकडे बघत होती. भात चमच्याने खाल्ला मी, हल्ली बरं पडतं.

चारच्या सुमाराला आपण होऊन शेडमध्ये आली. काय काय केलंत ते क्रमाने सांगा म्हणाली, अपघाताच्या जागी विचारत असेल तशी. स्क्रू, तेल, पाना, पाइप, बत्ती, सगळं सांगितलं. पाना कुठल्या बाजूने मारलात, विचारलं. मी हवेत हात फिरवून दाखवला. सोडवायची बाजू, डावीकडे. जगातला कुठलाही आटा सुटतो त्या बाजूने.

ती बाकावर बसली. हसते की रडते मला कळेना.

"बाबा, याचे आटे उलटे असतात. या खेळातल्या बहुतेक बंदुकांचे."

मी अडतीस वर्षं आटे पाडले. उलटे किती पाडले त्याला गणती नाही, ग्राइंडरचे, पंख्यांचे, सायकलच्या पेडलचे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो, हात लावण्याआधी आटा कुठल्या बाजूचा ते बघ. आणि शुक्रवारपासून मी टोपण सोडवत नव्हतो, आवळत होतो. दोन फुटांचा पाइप लावून आवळत होतो. वरून तापवूनही.

तिला एकदा फोन करून खरं सांगितलं असतं, तर पहिल्या दिवशी एका वाक्यात कळलं असतं.

तिने माझा उजवा हात हातात घेतला, मांडीवर ठेवला, सोडला, आणि नुसती बघत बसली. मिनिटभर तरी. मी म्हटलं, काय बघतेस. काही नाही म्हणाली. मग मला शेडच्या दारापासून हौदापर्यंत चालायला लावलं, हौदाचा नळ बंद आहे का बघून या म्हणून. नळ बंदच होता.

१४, शुक्रवार

बत्ती हिने परत दिली, पण लेकीच्या हातात. अट घातली, बत्ती पोरीने धरायची, पाना पोरीने धरायचा, अहोंनी फक्त तोंड चालवायचं, ते त्यांना जमतं.

सकाळी आठला सुरुवात केली. चिंध्या लांब अंगणात, वाळूची बादली जवळ. जोर बसावा म्हणून वाइसचे बोल्ट पुन्हा आवळले, नळी फिरू नये म्हणून ठोकळ्यांना आतून राळ फासली. आधी टोपण उलट्या बाजूला, म्हणजे खऱ्या बाजूला, नुसतं ठोकून बघितलं. ढिम्म.

मग तापवलं. मी सांगत होतो, ज्योत एका जागी ठेवू नको, टोपणाभोवती फिरव, नळीवर जाऊ देऊ नको. तिचा हात कसा, तर खिळल्यासारखा. बघत राहावं. निळसर झाक आली तशी बत्ती बाजूला करायला सांगितली आणि सांध्यावर मेणबत्तीचं टोक टेकवायला लावलं. मेण वितळून सांध्यात ओढलं गेलं. तेल जिथे जात नाही तिथे तापलेलं मेण जातं, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. तिने विचारलं, हे आधी का नाही केलंत. मी म्हटलं, आधी मी हुशार होतो.

पाना लावला. पहिला जोर, काही नाही. दुसऱ्यांदा तापवलं. तिसऱ्यांदा. दुपार झाली. लोखंड दर वेळी तापून नरम होत जातं, नळी पातळ, कधी पीळ बसून फाटेल सांगता येत नाही. फाटली तर नारिंगी टोपण बसवायला तोंडच राहणार नाही. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, कळलं.

चौथ्यांदा पान्यावर भार टाकला आणि आवाज आला, कर्र. ती थांबली, माझ्याकडे बघितलं. फाटलं का, तिने विचारलं.

मी डोळे मिटले होते. हात गेले, नाक गेलं, पण कान अजून माझे आहेत. लोखंड फाटतं तेव्हा आवाज कोरडा येतो, टक, आणि संपतो. हा ओला होता आणि लांबत गेला होता.

"फाटलं नाही. गंज बोलतोय. आता अर्धा सूत, नखभर, परत आवळ."

"आवळू?"

"आवळ. मग सोड. मग आवळ. जितकं सुटेल त्याच्या अर्धं परत जायचं. एकदम ओढलंस तर आटे घेऊन बाहेर येईल."

पुढे-मागे, पुढे-मागे. ती मोजत होती, मी ऐकत होतो. ही दारात उभी होती, हाताला पोळ्यांचं पीठ लागलेलं, तीही ऐकत होती. एकदा कर्र फार उंच गेला तेव्हा मी थांबवलं, पुन्हा मेण घातलं. तपकिरी भुकटी बाकावर सांडायला लागली. सव्वातीनला पाना बाजूला ठेवला आणि भिंगरीने टोपण हातमोज्यातल्या दोन बोटांनी फिरवत फिरवत काढलं.

नळीवरचे आटे बघितले. पहिले दोन खाल्ले गेले होते, बाकीचे शाबूत. तारेच्या ब्रशने साफ केले, तेल लावलं, नारिंगी टोपण सुरू केलं. दुसऱ्या आट्यापर्यंत गेलं आणि तिरकं बसलं. मी म्हटलं, काढ, पुन्हा लाव. पुन्हा तिरकं. खाल्लेल्या आट्यांवर त्रिकोणी कानस फिरवायला हवी होती. ते काम माझं, केसाएवढं. कानस हातात घेतली. आटा दिसत होता, कानस दिसत होती, मधलं अंतर जागेवर राहत नव्हतं.

कानस तिला दिली. पहिल्यांदाच दिली कुणाला. तिच्या मनगटाखाली माझा डावा तळवा ठेवला आणि कोन सांगत गेलो.

पाच वाजता बसलं. सरळ.

१५, शनिवार

अकराला दहा मिनिटं असताना ठाण्यात पोचलो. तिघंही. साहेबाने बंदूक उलटसुलट बघितली, नारिंगी टोपण ओढून बघितलं, वहीत लिहिलं. मला वाटलं झालं.

झालं नव्हतं. त्याने मंगळवारचा हवालदाराचा अहवाल काढला. त्यात लिहिलं होतं, हात वर करण्यास सांगूनही इसमाने उजवा हात वारंवार खिशाकडे नेला, सूचना पाळली नाही. याचा लेखी खुलासा लागेल, नाहीतर प्रकरण उघडं राहील. उघडं राहिलं तर दाखलाही राहील.

मी सांगायला लागलो, घाबरलो होतो म्हणून. भिंगरी म्हणाली, "मी लिहिते, बाबा. तुम्ही सही करा."

तिने बाकावर बसून लिहिलं. आई तिच्या शेजारी. आईने पाकिटातून घडी केलेला कागद काढून दिला, तो तिने खुलाशाला टाचला. माझी गोगलगाय होती ती. मग खुलासा माझ्यासमोर ठेवला.

मी कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचला. जसा होता तसा उतरवतो.

"माझ्या वडिलांचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून आपोआप थरथरतो आणि त्यांच्या इच्छेने थांबत नाही. चालताना पाय अडतात, वास येत नाही, अक्षर बारीक झाले आहे. त्यांनी पोलिसांची सूचना जाणूनबुजून मोडलेली नाही. हा मेंदूचा आजार असावा असे मी काम करते तेथील डॉक्टरांचे मत आहे. तज्ज्ञांची वेळ सोमवारची घेतली आहे. वडिलांना हे अद्याप सांगितलेले नाही."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. गेल्या हिवाळ्यापासून. मी समजत होतो मंगळवारपासून.

दोघींकडे बघितलं नाही. साहेबही खिडकीतून बाहेर बघायला लागला, भला माणूस. मी पेन घेतलं, सही केली. त्याने ओळखपत्राशी ताडून बघितली आणि म्हणाला, "काका, सही जुळत नाही. फारच लहान येतेय. जरा मोठी करा." दुसरी केली. ती पहिल्यापेक्षा लहान. तिसऱ्या वेळी त्याने कागदावर बोटाने जागा दाखवली, इथून इथपर्यंत. मी डाव्या हाताने मनगट धरलं, जसं चौकात धरलं होतं, आणि ओढत ओढत तिथपर्यंत नेली. वाकडी आली, पण पोचली. त्याने शिक्का मारला. प्रकरण बंद.

बाहेर आलो. ही रिक्षा बघायला पुढे गेली. मी लेकीला विचारलं, उद्या स्पर्धेला किती वाजता निघायचं. 

"स्पर्धा नाहीये, बाबा. आईचा फोन आला होता. मला यायचं होतं, आणि सरळ सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे आला नसतात. बंदूक हे सहज सुचलेलं कारण होतं. तुम्ही त्यापायी जळाल, तुमच्यासमोर कुणी पिस्तूल काढेल, असं मला—" डोळे पुसायला लागली. दुसऱ्यांच्या अपघातांत न डगमगणारी पोर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उजवा. थरथरला, तर थरथरू दिला.

म्हणजे थाप मारण्यात ती माझ्यावरच गेली आहे. तसं तिला म्हटलंही. नाक पुसत हसली.

रिक्षा आली. ही आत बसून आमच्यासाठी जागा करत होती. मी विचारलं, सोमवारी डॉक्टर किती वाजता.

"साडेदहा."

"दहाला पोचलेलं बरं," मी म्हटलं. "नऊलाच निघू."